पावसाचा हिशेब : कौटिल्याच्या कुंडापासून यवतमाळच्या अंगणापर्यंत

१/ यवतमाळ, दारव्हा, दिग्रस किंवा पुसद येथील एखाद्या घराच्या अंगणात पर्जन्यमापक दिसले, तर तो निव्वळ छंद समजू नका. रोज सकाळी वहीत उतरणारा तो आकडा फार जुन्या परंपरेचा वारस आहे. #थ्रेड

२/ कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, कोठारापाशी सुमारे हातभर रुंद तोंडाचे कुंड पाऊस मोजण्यासाठी ठेवावे असे सांगितले आहे. ग्रंथात प्रदेशवार आकडेही येतात : अश्मकात साडेतेरा द्रोण, अवंतीत तेवीस, तर अपरांतात अमर्याद. अश्मक हा गोदाकाठचा, आपल्या विदर्भाचा शेजारी; अपरांत म्हणजे कोकण.

३/ हा उपद्व्याप कशासाठी? पावसाच्या अंदाजावर पेरणी ठरे, पेरणीवर धान्य आणि धान्यावर राज्याचे कोठार. पाऊस मोजणे हा आरंभापासूनच राज्यकारभाराचा भाग होता.

४/ आता वऱ्हाडात येऊ. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवीमुळे तेथील कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर स्थिरावली. कापूस कोरडवाहू, म्हणून पावसाचा आकडा व्यापारी, सावकार आणि सरकार या तिघांनाही हवासा झाला.

५/ जिज्ञासूंसाठी एक खूण : यवतमाळ जिल्ह्याचे जुने नाव ‘वूण’, म्हणजे आपले वणी. १९०५ मध्ये ते बदलले. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील या जिल्ह्याचे दस्तऐवज ‘वूण’ या नावाखाली शोधावे लागतात.

६/ १८६४ चे कलकत्त्याचे चक्रीवादळ, त्यानंतर १८६६ आणि १८७१ मध्ये रुसलेला मोसमी पाऊस, या आघातांनंतर १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला. हेन्री ब्लॅनफोर्ड हे त्याचे पहिले प्रमुख. विखुरलेल्या नोंदी एका पद्धतीत आणणे हे मोठे काम होते. पुढच्याच वर्षी महादुष्काळ सुरू झाला. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडही होरपळले.

७/ १९०४ मध्ये विभागाची सूत्रे गिल्बर्ट वॉकर या गणितज्ञाकडे आली. भारतातील पर्जन्यनोंदी आणि जगभरातील वायुदाब यांची सांगड घालताना त्यांना ‘दक्षिणी आंदोलन’ गवसले. आज ज्या एल निनोची चर्चा आपण दरवर्षी ऐकतो, त्याचाच हा वातावरणातील जोडीदार. कुणीतरी भर पावसात जाऊन लिहिलेल्या साध्या आकड्यांवर एवढे मोठे शास्त्र उभे राहिले.

८/ आणि घरातील केंद्र? १८६० मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज सायमन्स यांनी १६८ ठिकाणच्या नोंदी एकत्र छापल्या. आपल्या बागेत पाऊस मोजणारे सामान्य नागरिक त्यांचे सहकारी झाले. १९०० पर्यंत ही ठिकाणे तीन हजारांवर गेली. त्यांच्या नावाचे पाच इंची पर्जन्यमापक पुढे भारतभर रुजले.

९/ नोंद वाचताना एक सावधगिरी. आपल्याकडे सकाळी साडेआठला मागील चोवीस तासांचा पाऊस मोजतात आणि तो मोजणीच्या तारखेवर लिहितात. म्हणजे सोमवारी रात्री कोसळलेला पाऊस वहीत मंगळवारी दिसतो. जुन्या पुराची तारीख ठरवताना हे विसरले, तर इतिहास एक दिवस चुकतो.

१०/ आज काय पणाला लागले आहे? महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला, तर ती अतिवृष्टी मानली जाते आणि मदतीच्या निर्णयात हा निकष महत्त्वाचा ठरतो. परंतु विदर्भात एका शिवारात ढग फुटतो आणि शेजारच्या शिवारात ऊन असते. मंडळातील एकच केंद्र साऱ्या गावांच्या वतीने बोलते. ते ज्या गावात कोरडे राहिले, त्या गावाशेजारचे वाहून गेलेले सोयाबीन आकड्यात उमटत नाही.

११/ अंगणातील वही सरकारी नोंदीची जागा घेऊ शकत नाही; मात्र त्या नोंदीला प्रश्न विचारू शकते. एका एकरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४ हजार लिटर पाणी. आकडा इवला दिसतो, त्याचे ओझे मोठे असते.

१२/ म्हणून मित्रहो, आजोबांच्या जुन्या रोजनिशीत मृगाचा पहिला पाऊस किंवा नाल्याच्या पुराची तारीख लिहिलेली आढळली, तर ती रद्दीत घालू नका. सरकारी केंद्र जिथे नव्हते, तिथला तो एकमेव साक्षीदार असू शकतो. (समाप्त)