शाळा, चेंडू आणि मैदान

बंगळूर म्हटले की मराठी माणसाला प्रथम शहाजीराजे आठवतात. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने हे शहर केंपेगौडाकडून घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. सरकारी नोकरीच्या निमित्ताने मी या शहरी राहावयास आलो तेव्हा माझ्याही मनात तेवढाच इतिहास होता. परंतु माझे बिऱ्हाड पडले ते जुन्या पेठेत नव्हे, तर इंग्रजांनी वसविलेल्या छावणीच्या भागात. तेथे रोज सायंकाळी माझ्या खिडकीखाली जो कोलाहल उठे, त्याने मला एका निराळ्याच इतिहासाकडे ओढून नेले. खिडकीखाली एका लहानशा कॅथलिक हायस्कुलाचे मैदान होते आणि त्या मैदानावर मुले फुटबॉल खेळत असत.

फुटबॉलचे नियम लंडनमध्ये १८६३ साली एकत्र बांधले गेले. त्यानंतर अवघ्या पंचवीस वर्षांत, १८८८ साली, सिमल्यास ड्युरँड चषकाचे सामने सुरू झाले आणि १८९१ साली आपल्या मुंबईत रोव्हर्स चषकाचे. दोन्ही स्पर्धा आरंभी गोऱ्या पलटणींच्याच होत्या. बंगळुरात इंग्रजांची छावणी १८०९ पासून होती. तेव्हा चेंडू येथेही पलटणींबरोबरच आला. कवायतीच्या माळावर सोल्जर खेळत आणि कडेला उभे राहून छावणीच्या आश्रयाने पोट भरणाऱ्यांची मुले ते पाहत. यांत तमिळ बोलणारी कष्टकरी मंडळी होती, तशीच दख्खनी मुसलमानांचीही कुटुंबे होती. पाहता पाहता ती मुले अनवाणी खेळू लागली.

परंतु पाहून खेळ येतो, संघ उभा राहत नाही. पलटण आज येथे तर उद्या पेशावरला. तिच्याजवळ चेंडू होता, मैदान होते; पण परक्या मुलांना शिकविण्याचे तिला काय प्रयोजन? त्यासाठी एकाच जागी ठाण मांडून बसणारी संस्था लागते, आणि मिशनऱ्यांची शाळा ही अशी संस्था होती. बंगळुरातील सेंट जोसेफ शाळा पॅरिसच्या परदेशी मिशनच्या पाद्र्यांनी १८५८ मध्ये काढली. १८८२ मध्ये तिला महाविद्यालयाची जोड मिळाली आणि १९३७ मध्ये हा सारा व्याप येशूसंघीयांच्या हाती गेला. बेळगावच्या मराठी श्रोत्यांना त्यांचे सेंट पॉल्स हायस्कूल आठवेल. तेथेही येशूसंघीयांच्या मैदानाने गावाला फुटबॉलचे वेड लावले. गोमंतकात तर राज्य पोर्तुगिजांचे, पण तेथे हा खेळ रुजविण्याचे श्रेय १८८३ साली शिवोलीस आलेल्या फादर विल्यम लायन्स या ब्रिटिश पाद्र्याला दिले जाते. राज्यकर्त्यांच्या आधी शाळामास्तर तेथे चेंडू घेऊन पोहोचला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

हे काम सुखासुखी झाले असे मात्र नाही. पंथ निराळा असला तरी श्रीनगरची हकिकत येथे सांगितली पाहिजे. तेथील प्रॉटेस्टंट मिशनशाळेचे मुख्याध्यापक टिंडेल-बिस्को यांनी १८९१ मध्ये मुंबईहून चामड्याचा चेंडू नेला. शाळेतील ब्राह्मण मुलांनी त्याला शिवण्याचे साफ नाकारले. मुख्याध्यापकांनी धाकदपटशाने त्यांना मैदानात उतरविले. चेंडू एका मुलाच्या तोंडावर बसला, तेव्हा विटाळ झाला म्हणून रडारड झाली आणि त्याला पाण्यावर नेऊन धुवावे लागले. त्या खटाटोपामागे केवळ क्रीडाप्रेम नव्हते. आपण ज्यांच्यावर राज्य करतो त्यांना आपल्या साच्यात घालून ‘पुरुष’ बनवावे, हा साम्राज्याचा अहंकारही त्यात होता, आणि तो झाकण्याचे कारण नाही. मात्र इतिहासाचा एक खोडकर नियम असा की, देणाऱ्याचा हेतू एक असतो आणि घेणारा ती वस्तू आपल्या हेतूने वापरतो. काश्मिरी मुले पुढे आपखुशीने खेळू लागली. १९११ साली कलकत्त्यात ईस्ट यॉर्कशायर पलटणीला हरवून मोहन बागानने आय. एफ. ए. शील्ड जिंकली, तेव्हा अकरांतील दहा खेळाडू अनवाणी होते. बूट घालून खेळणारे एकटे सुधीर चॅटर्जी ख्रिस्ती होते.

जगात इतरत्रही कॅथलिक शाळेचा आणि फुटबॉलचा असाच ऋणानुबंध आढळतो, आणि त्याच्या मुळाशी बहुधा गरिबी असते. ग्लासगोच्या पूर्व भागातील एका शाळेचे मुख्याध्यापक ब्रदर वॉल्फ्रिड यांनी १८८७ मध्ये सेल्टिक क्लब स्थापन केला, तो आयरिश निर्वासितांच्या उपाशी मुलांच्या जेवणासाठी पैसा उभा राहावा म्हणून. ब्यूनस आयर्समध्ये १९०८ साली रस्त्यात खेळणारा एक मुलगा ट्रॅमखाली येता येता वाचला. ते पाहून फादर लोरेन्झो मासा यांनी देवळामागचे अंगण मुलांना खुले केले. अट एकच, रविवारी प्रार्थनेला यावयाचे! त्या अंगणातून सान लोरेन्झो हा नामांकित क्लब जन्मास आला. दोन्ही ठिकाणी आधी लाभला तो एक माणूस, आणि मग पैसा किंवा जागा.

बंगळुरात या पेरणीचे पीक भरघोस आले. १९३७ आणि १९३८ अशी लागोपाठ दोन वर्षे बंगलोर मुस्लिम्स या संघाने मुंबईत रोव्हर्स चषक जिंकला; तो पटकावणारा हा पहिला हिंदी संघ. म्हैसूरच्या संघाने १९४६-४७ मध्ये आणि पुन्हा १९५२-५३ मध्ये संतोष चषक मिळविला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध आपण एक विरुद्ध दोन अशा गोलांनी हरलो. पण भारताचा तो एकुलता एक गोल करणारे सारंगपाणी रामन हे याच भागातले. अहमद खान आणि धनराज हे बंगळूरचे खेळाडू पुढे कलकत्त्याच्या ईस्ट बंगालच्या ‘पंचपांडवां’त गणले गेले. १९५२ मध्ये हेलसिंकीस युगोस्लाव्हियाने आपल्यावर दहा गोल केले आणि त्यानंतर बूट सक्तीचे झाले. अनवाणी खेळणाऱ्या गल्लीतल्या मुलांपुढे त्या दिवशी नवा प्रश्न उभा राहिला: बूट आणावयाचे कोठून? म्हैसूरने १९६८-६९ मध्ये संतोष चषक जिंकल्यानंतर कर्नाटकाला तो पुन्हा हाती येण्यास २०२३ साल उजाडावे लागले. मधल्या चोपन्न वर्षांची कारणे अनेक असतील. पण त्यांतील एक कारण माझ्या खिडकीखाली होते, आणि त्यात माझाही हात होता.

ती शाळा लहान. तिची मुले रिक्षावाले, शिंपी आणि इस्पितळांतील आया यांच्या घरची. वरच्या तीन वर्गांतून अकरा खेळाडू निवडावयाचे म्हणजे निवड कसली, गोळाबेरीजच! जो मुलगा तयार होई तो मॅट्रिक होऊन निघून जाई. मोठ्या शाळा आठ-आठ गोलांनी हरवीत. अशा काळात व्यवस्थापक फादर माझ्याकडे सल्ल्यासाठी आले. वर्ग अपुरे पडत होते. मैदानाच्या एका अंगास चार खोल्या बांधाव्यात काय? मी कागदांचा माणूस. पटसंख्या, फीचे उत्पन्न, चौरस फूट यांचा हिशेब मांडला आणि बांधावे असे स्वच्छ अक्षरात लिहून दिले. हिशेबात चूक नव्हती, पण त्यात फुटबॉलसाठी रकानाच नव्हता.

खोल्या उभ्या राहिल्या आणि मैदान अर्धे झाले. आता खिडकीखालचा कोलाहल थांबेल असे मला वाटले. शाळेच्या ड्रिल मास्तरांनी मात्र राहिलेली जागा पावलांनी मोजली, चुन्याने नव्या रेघा मारल्या आणि सात-सात मुलांचे सामने सुरू केले. अकरावीच्या मुलांची वाट न पाहता त्यांनी पाचवीची मुले हाती धरली. आज पाचवीत शिकविलेला मुलगा सहा वर्षे आपला राहतो, असा त्यांचा हिशेब होता. जुने विद्यार्थी रविवारी येऊन लहानांना शिकवू लागले. लहान पडलेले बूट परत करावयाचे आणि ते धाकट्याने घालावयाचे, असा रिवाज पडला. पहिल्या वर्षी ते सर्व सामने हरले. दुसऱ्या वर्षीही हरले, परंतु दोन-दोन गोलांनी. तिसऱ्या वर्षी एका मोठ्या शाळेशी त्यांची बरोबरी झाली, आणि त्या सायंकाळी जिंकल्याच्या वर जल्लोष झाला.

मी मास्तरांना भेटून माझी चूक कबूल केली. ते म्हणाले, “साहेब, वर्गही हवेतच. फक्त पुढच्या वेळी कागद लिहिण्याआधी एकदा संध्याकाळी येऊन उभे राहा.”

पलटणी गेल्या, साम्राज्य गेले, आणि छावणीचा तो भाग १९४७ मध्ये म्हैसूर संस्थानाकडे परत आला. त्या साऱ्या उलाढालीतून जे उरले ते एवढेच: चार भिंतींमधली थोडी मोकळी जमीन आणि तेथे रोज येणारा एक माणूस. इतिहासाच्या ग्रंथांत या दोहोंची नोंद सहसा सापडत नाही. निदान आपल्या गावच्या शाळेचे मैदान मोजण्याचा प्रसंग आपल्यावर आला, तर मोजणारांनी सायंकाळी एकदा तेथे जाऊन यावे, एवढे अनुभवाने सांगावेसे वाटते.