त्रिपुरीचे शैव मठ आणि त्यांची योगसाधना

जबलपूरहून भेडाघाटाकडे जाताना तेवर हे गाव लागते. कलचुरी राजांची राजधानी त्रिपुरी ती हीच. इसवी सनाच्या दहाव्या ते बाराव्या शतकांत नर्मदेच्या या परिसरात शैव आचार्यांचे मठ नांदत होते. राजे त्यांना गुरुस्थानी मानीत आणि गावे दान देत. या मठांचे वैभव आज उरलेले नाही. परंतु तेथील साधक कशासाठी झटत होते, हे ताम्रपट, शिलालेख आणि आगमग्रंथ यांच्या आधारे समजू शकते.

पहिला युवराजदेव याच्या काळात शैवसिद्धांताचे आचार्य डाहल देशात स्थिरावले. आंध्रातील मलकापुरम येथील 1261 सालच्या लेखात सद्भावशंभूंना युवराजदेवाने दिलेल्या दानाची आणि गोलकी मठाची हकीकत येते. या मठाचे स्थान काही अभ्यासक रीवा भागातील गुर्गी येथे मानतात. कलचुरींचे लेख संपादित करून 1955 साली प्रसिद्ध करणारे नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मात्र मठाच्या नावाचा संबंध भेडाघाटच्या वर्तुळाकार चौसष्ट योगिनी मंदिराशी जोडला. मंदिराचे नाव चौसष्टांचे असले, तरी देवकोष्ठे ऐंशीहून अधिक आहेत. भग्न मूर्तींच्या पीठांवर योगिनींची नावे आजही वाचता येतात.

शैवसिद्धांताची मांडणी तीन शब्दांत सामावते: पती, पशू आणि पाश. पती म्हणजे शिव, पशू म्हणजे बद्ध जीव आणि पाश म्हणजे त्याला जखडणारी बंधने. मूळ बंधन जे मल, ते डोळ्यांतील मोतीबिंदूसारखे आहे. मोतीबिंदू झाला आहे, हे नुसते कळल्याने तो जात नाही. त्यासाठी वैद्याचा हात लागतो. त्याचप्रमाणे मल दूर होण्यासाठी गुरूची दीक्षा आणि तिच्यामागे नित्य पूजा, जप व ध्यान आवश्यक मानले गेले. मुक्त जीव शिवात विरून जात नाही, तो शिवासमान होतो, ही या मताची विशेष भूमिका.

बाराव्या शतकात येथे पाशुपत साधकही होते. गयाकर्णाची राणी अल्हणदेवी हिने पुत्र नरसिंह याच्या राज्यात भेडाघाटी शिवमंदिर उभारले. कलचुरी संवत 907, म्हणजे इ. स. 1155 च्या लेखानुसार मंदिराबरोबर मठ, व्याख्यानशाळा आणि उद्यानेही निर्माण झाली. व्यवस्था पाशुपत तपस्वी रुद्रराशी यांच्याकडे सोपविली गेली. हा शिलालेख पुढे अमेरिकेतील संग्रहात गेला.

पतंजलींच्या योगाचे ध्येय कैवल्य, म्हणजे पुरुषाने प्रकृतीपासून वेगळे होणे. पाशुपतांनी योग शब्दाचा अर्थ जोडणे असाच घेतला: आत्म्याचा ईश्वराशी संयोग. भस्मस्नान, जप, एकांतवास आणि लोकनिंदा शांतपणे सोसणे या पायऱ्यांनी साधक दुःखान्ताकडे जातो. दुःखान्त म्हणजे केवळ दुःखाचा अभाव नव्हे. ईश्वरकृपेने लाभणारे सामर्थ्यही त्यात येते.

मोक्ष हे ध्येय ठेवणाऱ्या या मंडळींनी लोकव्यवहाराकडे पाठ फिरवली नाही. मलकापुरमच्या लेखात गोलकी परंपरेतील विश्वेश्वरशंभूंनी अध्यापनाची, आरोग्यशाळेची, प्रसूतिशाळेची आणि अन्नछत्राची सोय केल्याचे नमूद आहे. ब्राह्मणापासून चांडाळापर्यंत सर्वांना तेथे अन्न मिळे. त्रिपुरीत रुजलेली परंपरा अशी कृष्णेच्या तीरापर्यंत पोहोचली.

भेडाघाटला जाणारे बहुतेक जण संगमरवरी कडे आणि धुवांधार पाहून परततात. टेकडीवरच्या पायऱ्या चढून गेल्यास नर्मदाकाठच्या आणखी एका वारशाची ओळख होते. अल्हणदेवीने मंदिरालगत व्याख्यानशाळा बांधली, कारण साधनेला अध्ययनाची जोड हवी, ही त्या काळची धारणा होती. साठ वर्षे विद्यादान करणाऱ्या शाळेच्या परिवाराला ती परकी वाटणार नाही.