दोरा दोघांचा, सफरचंद एकटीचं

डोळ्यांत धूर जातो. जमिनीत पुरलेल्या तोनीर भट्टीच्या तापल्या भिंतीवर एक म्हातारी लवाशची रोटी थापते आहे आणि तिच्या मागे, कुणाला न दिसता, तुम्ही उभे आहात. साल १८८५, आरारातच्या पायथ्याचं एक आर्मेनियन गाव. लग्न लागून तीन दिवस झाले, तरी सनईसारखी झुर्ना वाजवणारे अजून हललेले नाहीत.

कोपऱ्यात हार्स बसली आहे. नवरी आणि सून, दोन्हींना इथे हा एकच शब्द. तोंडावर फडकं. सासऱ्यापुढे ती बोलायची नाही, कदाचित वर्षानुवर्षं. सगळा कारभार खुणांवर. गळ्यात नारोत : लाल-हिरव्या धाग्याचा पीळ, गाठीवर पाद्रीबाबांनी दाबलेला मेणाचा ठसा. अगदी तसाच नवऱ्याच्या गळ्यात. चर्चमध्ये मुकुट चढल्यापासून दोघं राजा-राणी, पण पाद्रीबाबा येऊन दोरा सोडेपर्यंत त्यांनी एकत्र निजायचं नाही. नियम कडकच, पण मला त्यातली एक गोष्ट पटते. थांबायचं ते दोघांनी.

आज बाबा येतात, प्रार्थना पुटपुटतात, मेण फुटतं. रात्र होते. आपण अंगणात थांबू.

पहाटे नवऱ्याकडच्या दोन-तीन पोक्त बायका आत जातात. छताच्या झरोक्यातून उजेडाचा एक पट्टा खाली उतरतो, त्यात चादर उलगडली जाते. कापडाला नाक लागेल इतक्या जवळून एकजण बघते. मग मान हलते आणि तबक सजू लागतं. लाल सफरचंदं, कार्मिर खंजोर (‘ज’ आपल्या ‘जास्त’मधला). वाजतगाजत तबक माहेरी निघतं. तिथे आई कधीची दारात उभी आहे. तबक आलं नाही, तर मुलगीच परत यायची, भर गावातून. राजाला कुणी काही विचारलेलं नाही.

याच साली आर्मेनियन लेखक शिरवानझादेंची ‘नामूस’ ही कादंबरी आली. नामूस म्हणजे अब्रू. फारसीतून तो शब्द आपल्याकडेही पोचला, आणि आपण त्याची ‘नामुष्की’ केली! सुसान आणि सेयरान लहानपणापासून एकमेकांना ठरलेले. ती दोघं चोरून भेटतात आणि तेवढ्यावर सगळं मोडतं. सुसानला दुसऱ्याच्या घरी देतात, तोच नवरा तिचा जीव घेतो. १९२५ साली यावरच पहिला आर्मेनियन कथापट निघाला.

आता लांब उडी. युक्रेनमधली तुरुंगछावणी, १९७०चं दशक. दुधाच्या बाटलीचं पत्र्याचं झाकण पुढ्यात घेऊन एक दाढीवाला कैदी नखानं त्यावर चेहरा कोरतो आहे. हा सर्गेई पाराजानोव, तिबिलिसीत जन्मलेला आर्मेनियन, ‘डाळिंबांचा रंग’चा दिग्दर्शक. १९७३च्या डिसेंबरात अटक, आरोपांत समलिंगी संबंध, शिक्षा पाच वर्षं. सोव्हिएत कायद्यानं १९३४ पासून पुरुषांतलं हे नातं गुन्हा ठरवलं होतं. इथे चादर नाही, फाइल आहे. ती उजेडात धरणारे हातही तसेच परक्यांचे. झाकण उलटून तो दुसरी बाजू घासतो. नाण्यासारख्या या झाकणांना तो ‘थालर’ म्हणतो.

येरेवानमध्ये १९९१ साली त्याचं संग्रहालय उघडलं. पुरुषांतलं नातं गुन्हा ठरवणारं ते कलम मात्र आर्मेनियाच्या कायद्यातून २००३ साली गेलं. आणि २०१२च्या मे महिन्यात याच शहरातल्या, समलिंगी लोकांना आपला वाटणाऱ्या एका बारवर पेट्रोलबॉम्ब पडला. आरोपींच्या जामिनासाठी खासदार धावले.

संग्रहालयातून तुम्ही बाहेर येता. कोपऱ्यावर फळवाली लाल सफरचंदं फडक्यानं पुसून रचते आहे. तुम्ही दोन उचलता.

“लग्नघरासाठी का?” ती विचारते. “मग डाग नसलेली बघून देते.”

“नाही हो, खायला.”