कोंबडीला जमतं, आपल्याला का नाही?

मंडळी, आपल्या प्रत्येक कानात, आत शंखासारख्या वळलेल्या नळीत, जेमतेम १५,००० केशपेशी असतात. म्हणजे डोक्यावर बारीक केसांचा झुबका असलेल्या पेशी. आवाजाने हा झुबका हलतो आणि मेंदूला सिग्नल जातो. हे भांडवल जन्मतःच मिळतं, पुढे भर पडत नाही. कर्कश आवाज, म्हातारपण, जेंटामायसिनसारखी औषधं, यांनी पेशी गेल्या की गेल्या. बॅकअप नाही की रिस्टोअर नाही!

उष्ण रक्ताच्या सगळ्याच प्राण्यांचं असं असणार, हे शास्त्रज्ञ धरूनच चालले होते. पण १९८७ मध्ये अमेरिकेत डग्लस कोटँश यांनी कोंबडीच्या पिल्लांना मोठा आवाज ऐकवला आणि मग त्यांचे कान तपासले. बघतात तर काय, काही दिवसांत उजाड जागी नवे झुबके! नव्या पेशी की जुन्याच सावरलेल्या? उत्तर १९८८ मध्ये 'सायन्स'च्या एकाच अंकातल्या दोन शोधनिबंधांनी दिलं. पेशी विभागली तरच तिच्या डीएनएत शिरेल असं किरणोत्सारी थायमिडीन पक्ष्यांना दिलं होतं. ते नव्या केशपेशींत सापडलं. आपल्या भाषेत, लॉगमध्ये एन्ट्री मिळाली. आणि दुसरा प्रयोग तर प्रौढ लावा पक्ष्यांवर होता!

पक्ष्यांत शेजारच्या आधारपेशी विभागून केशपेशी बनतात. आपल्या कॉक्लियात त्या गप्प बसतात. मग बाहेरून स्टेम सेल घालाव्यात का? २०१२ मध्ये शेफिल्डच्या मार्सेलो रिव्होल्टा यांच्या गटाने १८ जर्बिलांच्या (उंदरासारखा प्राणी) कानात मानवी भ्रूण-स्टेम सेलपासून बनवलेल्या पेशी सोडल्या. ऐकण्यात सरासरी ४६ टक्के सुधारणा! पण दुरुस्त झाली ती कानाची नस, केशपेशी नव्हेत.

दुसरी वाट, गप्प पेशींना औषधाने जागं करायची. 'फ्रीक्वेन्सी थेरप्युटिक्स'चं एफएक्स-३२२ त्यासाठीच होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये चाचणीत ते नुसत्या प्लासिबोपेक्षा सरस ठरलं नाही.

थोडक्यात, कोंबडीने 'शक्य आहे' म्हणून सांगितल्याला पस्तीसेक वर्षं झाली, तरी माणसासाठी मान्यताप्राप्त स्टेम सेल उपचार अजून नाही. म्हणून कुणी लाखो रुपये घेऊन आजी-आजोबांचा कान 'स्टेम सेलने' बरा करून देतो म्हणाला, तर आधी चाचणीचे निकाल मागा. तोवर श्रवणयंत्र आणि कॉक्लियर इम्प्लांट आहेतच.

असो. हे हेडफोन लावून वाचत असाल, तर आवाज जरा कमी करा बुवा.