मराठेशाहीतील सत्तावाचक शब्द : अभिषेक, वस्त्रे आणि खालसा

प्रस्तावना

सत्ता कोणाच्या हाती आहे, ती कोणाच्या नावाने चालते आणि ती संपुष्टात आली असे केव्हा म्हणावयाचे, या तीन प्रश्नांची उत्तरे मराठेशाहीत वेगवेगळ्या शब्दांनी दिली गेली. इतिहासलेखनात हे शब्द अनेकदा स्थूल अर्थाने वापरले जातात आणि त्यामुळे सत्तांतराचे स्वरूप धूसर होते. प्रस्तुत लेखात अशा तीन शब्दांचा विचार केला आहे.

अभिषेक

इ. स. १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. गड, फौज व वसूल ही सत्तेची साधने त्यापूर्वीच त्यांच्या हाती होती. तथापि, आदिलशाही व मोगल दरबारांच्या दृष्टीने ते सार्वभौम राजे नव्हते. अभिषेकाने या सत्तेला स्वतंत्र अधिष्ठान दिले. राज्याभिषेक शक सुरू झाला. पेशवा, मुजुमदार, सुरनीस, डबीर या पदनामांना मुख्य प्रधान, अमात्य, सचिव, सुमंत असे संस्कृत पर्याय मिळाले. राज्यव्यवहारकोशाची रचना हा याच धोरणाचा भाग होता. सत्ता मिळविणे आणि ती स्वतःच्या भाषेत सांगणे ही येथे एकाच प्रक्रियेची दोन अंगे ठरतात.

वस्त्रे

छत्रपती शाहू महाराजांचे १७४९ मध्ये निधन झाले. १७५० च्या सांगोला येथील करारानंतर कारभाराची सूत्रे पेशव्यांकडे एकवटली. गादी मात्र साताऱ्यासच राहिली. पेशवेपदाची वस्त्रे छत्रपतींकडूनच येत. नारायणरावांच्या खुनानंतर १७७३ मध्ये रघुनाथरावांना वस्त्रे मिळाली. परंतु बारभाईंच्या विरोधापुढे त्यांची सत्ता काही महिन्यांतच ढासळली. उलट १७७४ मध्ये अवघ्या काही आठवड्यांच्या सवाई माधवरावांना वस्त्रे मिळाली आणि त्यांच्या नावाने कारभाऱ्यांनी राज्य चालविले. वस्त्रांवाचून पेशवेपद अधिकृत होत नसे, पण केवळ वस्त्रांनी ते टिकतही नसे. कारभार हाती असलेल्यांनाही साताऱ्याची संमती डावलता आली नाही, हे विशेष लक्षणीय आहे.

खालसा

इ. स. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावांची सत्ता संपली. त्यांना वार्षिक आठ लाख रुपयांचे वेतन देऊन बिठूरला ठेवण्यात आले. कंपनी सरकारने साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराजांना बसविले. १८३९ मध्ये त्याच सरकारने त्यांना पदच्युत केले. त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब १८४८ मध्ये निवर्तले, तेव्हा डलहौसीने त्यांचे दत्तकविधान नामंजूर करून राज्य खालसा केले.

‘खालसा’ ही मूळची महसुली संज्ञा होय. जी जमीन इनाम वा जहागीर म्हणून दिलेली नाही, जिचा वसूल थेट सरकारात जमा होतो, ती खालसा. ही संज्ञा राज्याला लावताच ते राज्य जणू मूळचे कंपनीचेच होते आणि कोणास तात्पुरते दिलेले वतन परत घेतले गेले, असा अर्थ सूचित होतो. अपहरणाला हिशेबातील फेरबदलाचे रूप येते.

निष्कर्ष

अभिषेक हा अधिष्ठानाचा, वस्त्रे हा नेमणुकीचा, तर खालसा हा जेत्याच्या दाव्याचा शब्द आहे. पहिल्या दोहोंत सत्तेला मान्यतेची गरज भासते. तिसऱ्यात ती गरजच नाकारलेली दिसते. आजही पाठ्यपुस्तकांत ‘संस्थाने खालसा झाली’ असे तटस्थपणे लिहिले जाते. या वाक्यात कर्ता लोपतो आणि जेत्याचा दावा वस्तुस्थिती म्हणून स्वीकारला जातो. म्हणूनच इतिहासाच्या अध्यापनात घटनेइतकीच ती सांगणाऱ्या शब्दाचीही चिकित्सा होणे आवश्यक आहे.