राजीनाम्याचं कूळ

राजीनामा हा शब्द आज रागाचा झाला आहे. विरोधक मंत्र्याचा मागतात, चिडलेला सरपंच तो तोंडावर फेकतो. कूळ मात्र त्याचं समाधानाचं. अरबी-फारसीतला ‘राजी’ म्हणजे ज्याचं मन मानलं आहे असा, ‘नामा’ म्हणजे कागद. रजा, मर्जी, नाराज ही याच घरातली भावंडं. रजा ही मुळात वरिष्ठाची खुशी. ती मिळाली की माणूस घरी जाई, म्हणून पुढे सुट्टीलाच रजा म्हणू लागले.

हा समाधानाचा राजीनामा पाहायचा तर राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यासारखं गुंजण मावळातलं गाव घ्यावं. जुन्या काळी या मावळपट्ट्यात भांडणं असत ती वतनाची: पाटिलकी कोणाची, शीव कुठवर, मान आधी कोणाचा. निवाडा गोतसभा, म्हणजे गावकऱ्यांची नि वतनदारांची पंचायत, करी. पण त्याआधी दोन्ही पक्षांकडून राजीनामा लिहून घेत की, सभा ठरवील ते आम्हांस मान्य. सोबत जामीन. मग साक्षी, जुने कागद, आणि त्यानंही भागलं नाही तर दिव्य म्हणजे कठोर कसोटी, जसं उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हातानं काढायचा. शेवटी हरलेला यजितखत, म्हणजे हार कबूल केल्याचा कागद, लिहून देई, जिंकलेला सरकारात हरकी, म्हणजे जिंकल्याच्या खुशीची रक्कम, भरी. सभेच्या महजराखाली, म्हणजे निवाडापत्राखाली, निशाण्या असत; पाटलाचा नांगर तर हमखास.

या साऱ्या कागदांत मला तो पहिला राजीनामाच मोलाचा वाटतो. कोण हरणार हे कळण्याआधी दोघांचं मन बांधून घेतलेलं असे, कारण निवाड्यानंतरही दोघांना एकाच पाणवठ्यावर पाणी भरायचं असे.

राजीनामा समाधानापासून दूर गेला; इंग्रजीतल्या सॅटिस्फॅक्शनची चाल नेमकी उलटी. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘पुरेसं करणं’. इंग्रजीत आधी तो पापाचं प्रायश्चित्त पुरं करण्याला लागला, मग देणं फेडण्याला. अपमान झालेला सरदार द्वंद्वाचं आव्हान देई तेव्हा मागे ते सॅटिस्फॅक्शनच. पोटाचं आणि मनाचं समाधान त्या शब्दात मागाहून शिरलं.

मग आपल्या राजीनाम्यात सोडून जाणं कुठून आलं? माझ्या मते जमिनीतून. इंग्रजी अमदानीत खातेदाराला जमीन सोडायची असली की तो राजीनामा देई आणि ती घेणारा कबुलायत, म्हणजे कबुलीचा कागद. १८७९च्या मुंबई जमीन महसूल कायद्याच्या अमलातही ही जोडी चालू होती. कर्जात बुडालेल्या कुणब्याची जमीन सावकाराच्या नावावर जाई, तीही पुष्कळदा याच वाटेनं. मन कसलं राजी असणार! पण कागद राजीचाच. पुढे नोकरी सोडण्याच्या अर्जालाही तेच नाव मिळालं.

जुना राजी खरेदीखतांत अजून टिकून आहे. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आजही वावर विकणाऱ्याकडून लिहून घेतात: राजीखुशीनं, अक्कलहुशारीनं, कोणाच्याही दडपणाशिवाय.