परवान्याविना वाजलेले संगीत

‘स्वतंत्र संगीत’ हा शब्दप्रयोग आपल्या घरांतील तरुण मुलामुलींच्या तोंडी आज वारंवार ऐकू येतो. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांचा आश्रय न घेता, स्वतःच्या हिमतीवर गाणी रचून ती लोकांपर्यंत पोहोचविणाऱ्या रॉक संगीताच्या वाद्यवृंदांना हे नाव पडले ते १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात, इंग्लंड-अमेरिकेत. तेथे प्रश्न होता तो व्यापाराच्या बंधनांचा. पण त्याच सुमारास युरोपातील एका देशात स्वतःचे संगीत वाजविण्यासाठी तुरुंगवास पत्करावा लागत होता आणि त्या तुरुंगवासातून एका राष्ट्राच्या मुक्तीचा इतिहास घडत होता. तो देश म्हणजे चेकोस्लोव्हाकिया आणि तो वाद्यवृंद म्हणजे ‘द प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’. त्याची कहाणी आपण समजून घेण्यासारखी आहे. कारण ती संगीताइतकीच ते ऐकणाऱ्यांच्या कानांचीही कहाणी आहे.

रणगाड्यांच्या सावलीत

१९६८ च्या वसंतात अलेक्झांडर दुबचेक यांच्या नेतृत्वाखाली चेकोस्लोव्हाकियात मोकळेपणाचे वारे वाहू लागले होते. २० ऑगस्टच्या रात्री सोव्हिएत संघाच्या व त्याच्या मित्रराष्ट्रांच्या फौजा देशात घुसल्या आणि ते वारे थांबले. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत, सप्टेंबर महिन्यात, मिलान ह्लावसा या सतरा वर्षांच्या तरुणाने आपल्या मित्रांसह प्राग शहरात हा वाद्यवृंद स्थापन केला. त्याचे नाव त्यांनी घेतले अमेरिकन संगीतकार फ्रँक झापा यांच्या एका गाण्यावरून.

येथे एक प्रश्न साहजिकच पडतो. प्रागच्या या मुलांना झापा ठाऊक झाला कसा? त्या काळी तेथील दुकानांत असल्या ध्वनिमुद्रिका सहजी मिळत नसत. रात्री उशिरा रेडिओ लक्झेंबर्गसारखी परदेशी केंद्रे खरखरीतून शोधावी लागत. परदेशी जाऊन आलेल्या एखाद्याने तबकडी आणली, तर ती घरोघर फिरे आणि तिच्या नकला ध्वनिफितींवर उतरविल्या जात. न्यूयॉर्कच्या ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ या वृंदाच्या ध्वनिमुद्रिकांना खुद्द अमेरिकेत फारसे गिऱ्हाईक नव्हते. प्रागमध्ये मात्र त्या जिवापाड जपल्या गेल्या. नाटककार वाक्लाव हावेल १९६८ मध्ये न्यूयॉर्कला गेले असताना त्यांनीही या वृंदाची एक तबकडी मायदेशी आणली होती. दूरदेशीचे संगीत शोधणे हा तेथे रिकाम्या वेळेचा छंद नव्हता; बंद खोलीची खिडकी किलकिली करण्याची ती धडपड होती.

नव्या राजवटीने संगीतावर पकड बसविली ती मोठ्या शांतपणे, कागदोपत्री. धंदेवाईक कलावंत म्हणून वावरायचे तर सरकारी परीक्षकांपुढे वाजवून दाखवायचे आणि परवाना मिळवायचा. परवाना नाही, तर सभागृह नाही, मानधन नाही, सरकारकडून मिळालेली वाद्येही नाहीत. केस कापा, इंग्रजी गाणी सोडा, रचना सोज्वळ करा, असा हा सौदा होता. अनेकांनी तो मान्य केला. ‘प्लास्टिक पीपल’नी केला नाही आणि १९७० मध्ये त्यांचा परवाना गेला. वाद्ये परत करावी लागली. मग या मुलांनी जंगलात लाकूडतोडीची कामे करून पैसा जमविला आणि जुन्या रेडिओंचे सुटे भाग जोडून ध्वनिवर्धक बनविले.

याच सुमारास इव्हान यिरोउस हे तरुण कला-इतिहासकार त्यांचे मार्गदर्शक झाले. यिरोउस कलावंतांच्या अधिकृत संघटनेचे सदस्य असल्यामुळे त्यांना व्याख्यानासाठी सभागृह मिळू शके. ते अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल यांच्यावर व्याख्यान जाहीर करीत, काही चित्रे पडद्यावर दाखवीत आणि मग विषयाचे ‘प्रात्यक्षिक’ म्हणून वाद्यवृंद व्हेल्व्हेट अंडरग्राउंडची गाणी वाजवी!

ही पळवाट फार काळ टिकली नाही. मग खेड्यांतील खाणावळी आणि मित्रांची लग्ने हीच त्यांची सभागृहे झाली, कारण खासगी समारंभाला परवाना लागत नसे. कार्यक्रमाचे स्थळ शेवटच्या क्षणी कानोकानी कळविले जाई. ३० मार्च १९७४ रोजी चेस्के बुद्येयोव्हित्से शहराजवळच्या एका गावी असाच कार्यक्रम ठरला असता पोलिसांनी जमलेल्या तरुणांना स्थानकावर नेऊन लाठ्यांनी झोडपले आणि आगगाडीत कोंबून परत धाडले. पुढल्या वर्षी यिरोउस यांनी एका निबंधात ‘दुसरी संस्कृती’ ही कल्पना मांडली. सरकारी संस्कृतीशी झगडत बसायचे नाही, तिच्याकडून मान्यताही मागायची नाही. तिच्या शेजारी आपले वेगळे जग उभारायचे, असा तिचा आशय होता.

लग्नघरापासून न्यायालयापर्यंत

२१ फेब्रुवारी १९७६ रोजी बोयानोव्हित्से या खेड्यात खुद्द यिरोउस यांचे लग्न साजरे झाले आणि त्या निमित्ताने या ‘दुसऱ्या संस्कृती’चा मोठा संगीतमेळा भरला. महिनाभरातच पोलिसांनी धरपकड केली. एकोणीस जणांना अटक झाली. सरकारी वृत्तपत्रांनी त्यांना गुंड आणि व्यसनी ठरविले.

अटकेपूर्वी थोडेच दिवस हावेल आणि यिरोउस यांची भेट झाली होती. हावेल रंगभूमीवरचे, सुखवस्तू घराण्यात वाढलेले गृहस्थ. लांब केसांच्या या मंडळींविषयी त्यांच्या मनात फारसे कुतूहल नव्हते. यिरोउस यांनी एका खडखडत्या यंत्रावर आपल्या मित्रांच्या ध्वनिफिती त्यांना ऐकविल्या. त्या कर्कश सुरांतील व्यथा आणि सच्चेपणा हावेल यांच्या मनाला भिडला व दोघे रात्रभर बोलत बसले. पुढच्या एका कार्यक्रमाला येण्याचे हावेल यांनी कबूल केले. तो कार्यक्रम झालाच नाही. कलावंत तुरुंगात होते.

मग हावेल यांनी आपल्या ओळखीच्या साहित्यिकांना, तत्त्वचिंतकांना जागे केले. पुढे १९८४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळविणारे कवी यारोस्लाव्ह सैफर्ट आणि काही सहकाऱ्यांनी जर्मन कादंबरीकार हाइनरिख ब्योल यांना अनावृत पत्र लिहिले. साठी उलटलेले तत्त्वज्ञ यान पातोच्का यांनीही या तरुणांची बाजू घेऊन लेख लिहिला. पुष्कळ आरोपींना सोडावे लागले. अखेर २१ ते २३ सप्टेंबर १९७६ या दिवसांत प्रागमध्ये चौघांवर खटला चालला. आरोप होता गुंडगिरीचा. यिरोउस यांना अठरा महिने, कवी-गायक पावेल झायीचेक यांना बारा महिने, तर सॅक्सोफोन वाजविणारे व्रातिस्लाव ब्राबेनेत्स आणि गीते गाणारे प्रॉटेस्टंट पाळक स्वातोप्लुक कारासेक यांना प्रत्येकी आठ महिने शिक्षा झाली.

खटल्याच्या वेळी न्यायालयाच्या आवारात जी माणसे एकत्र आली, ती एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभी राहिली नसती. पक्षातून हाकललेले जुने कम्युनिस्ट, ख्रिस्ती विचारवंत, लेखक आणि केस वाढविलेले तरुण तेथे शेजारी शेजारी उभे होते. याच जवळिकीतून जानेवारी १९७७ मध्ये ‘चार्टर ७७’ ही मानवी हक्कांची सनद प्रसिद्ध झाली. तिच्या पहिल्या तीन प्रवक्त्यांपैकी एक असलेले पातोच्का दीर्घ पोलीस-चौकशांनंतर १३ मार्च १९७७ रोजी निवर्तले. पुढे या सनदेचे प्रवक्तेपद सांभाळणाऱ्यांत वाक्लाव मालि हे कॅथलिक धर्मगुरूही होते. तेच नंतर प्रागचे साहाय्यक बिशप झाले.

कोठारातील दुःखसहनगाथा

वृंदाचे वाजविणे थांबले नाही. १९७८ मध्ये हावेल यांच्या ह्रादेचेक येथील शेतघरात त्यांनी प्रभू ख्रिस्ताच्या दुःखसहनावरील एक दीर्घ रचना सादर केली व ध्वनिमुद्रित केली. तिचे शब्द ब्राबेनेत्स यांचे. त्यांनी ईशज्ञानाचा अभ्यास केलेला होता. निरीश्वरवादी राजवटीत, पोलिसांच्या पहाऱ्याच्या छायेत, गुंड म्हणून शिक्षा भोगून आलेला माणूस पिलाताच्या न्यायासनापुढील निरपराध्याची कथा रॉक संगीतात सांगतो, ही घटना आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. पूर्वी या वृंदात गाणारे आणि १९७७ मध्ये देशाबाहेर काढले गेलेले कॅनडाचे पॉल विल्सन यांनी ती ध्वनिमुद्रिका १९८० मध्ये कॅनडातून प्रसिद्ध केली. एके काळी बाहेरचे सूर चोरवाटेने प्रागमध्ये येत. आता प्रागचे सूर त्याच वाटेने जगात जाऊ लागले.

छळाला अंत नव्हता. ब्राबेनेत्स यांना देश सोडावा लागला, यिरोउस पुनःपुन्हा तुरुंगात गेले आणि १९८८ मध्ये वृंद फुटला. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९८९ मध्ये, राजवट कोसळली व डिसेंबरात हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. १९९७ मध्ये सनदेच्या विसाव्या वर्षानिमित्त हावेल यांच्या आग्रहाने वृंद पुन्हा एकत्र आला. १९९८ मध्ये वॉशिंग्टनला हावेल यांच्या सन्मानार्थ व्हाइट हाउसमध्ये झालेल्या कार्यक्रमात व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचे लू रीड यांच्यासमवेत ह्लावसा वाजवीत होते. २००१ च्या जानेवारीत, पन्नाशी गाठण्यापूर्वीच, ते निवर्तले.

या संगीताने राजवट उलथली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यांच्या गाण्यांत राजकीय घोषणा जवळजवळ नव्हत्याच. आपल्याला वाटते ते आपल्या पद्धतीने वाजवू द्यावे, एवढेच त्यांचे मागणे होते. हावेल यांनी १९७८ मध्ये लिहिलेल्या ‘दुर्बलांचे सामर्थ्य’ या निबंधात या खटल्याचे मर्म सांगितले आहे: कुणा अप्रसिद्ध तरुणाचे वाजविण्याचे स्वातंत्र्य गेले, की लेखकाचे लिहिण्याचे आणि भाविकाचे श्रद्धेचे स्वातंत्र्यही सुरक्षित राहत नाही, ही सारी स्वातंत्र्ये एकच आहेत.

आज जगाच्या कानाकोपऱ्यातील संगीत बोटाच्या एका स्पर्शाने ऐकू येते. ते मिळविण्याचे कष्ट संपले आहेत. ऐकण्याचे कष्ट मात्र आपण वडीलधाऱ्यांनी अजून घ्यावयाचे आहेत. मुलांच्या खोलीतून येणारे सूर आपल्याला रुचतीलच असे नाही आणि रुचलेच पाहिजेत असेही नाही. पण दार लोटून ‘बंद कर तो गोंगाट’ म्हणण्यापूर्वी त्या मुलाशेजारी बसून आपण एक गाणे तरी शेवटपर्यंत ऐकतो काय? प्रागमधल्या त्या रात्री एका नाटककाराने याहून अधिक काही केले नव्हते.